क्यू आहे, यू नाही: शब्द कसे जुळवायचे?

स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवायच्या पटावरच्या खेळात तुमच्याकडे क्यू, ए, आय, टी, एन, एस ही अक्षरं आहेत आणि इंग्रजीत क्यूच्या मागे बहुतेकदा येणारा यू नाही. तरी क्यू टाकून देऊ नका, तो एकटाच 10 गुणांचा आहे.

आधी क्यू-आय लावा. उच्चार ‘ची’, अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती. खेळात चालणाऱ्या शब्दांच्या अमेरिकी यादीत हा शब्द 2006 साली आला. दोनच अक्षरांत 11 गुण. क्यू अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात बसून आडवा-उभा दोन्हीकडे हाच शब्द जुळला, तर 31 अधिक 31, म्हणजे थेट 62!

क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये गालात धरून चघळतात त्या झुडपाची पानं, तरतरी आणणारी. याचे 12 गुण. एस जोडता येतो, पण एका गुणासाठी तो खर्चू नका. मोठ्या शब्दाला लागेल.

चूक होते ती इथे: क्यू-आय उलटवून ‘आयक्यू’ लावतात. ते संक्षेपाक्षर, चालत नाही. विशेषनामंही बाद, त्यामुळे ‘कतार’ देश विसरा.

क्यू सोडून उरलेल्या पाचांत एन-आय-टी म्हणजे उवेचं अंडं, आपली लीख. ए-आय-टी म्हणजे नदीतलं छोटं बेट, हा शब्द मुख्यतः थेम्स नदीच्या बेटांसाठी वापरतात. ए-आय म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ, झाडावर राहणारा सुस्त प्राणी. ‘सॅटिन’, ‘सेंट’ (संत), ‘स्टेन’ हे तिन्ही त्याच पाच अक्षरांचे, पण गुण जेमतेम 5.

पुढे आणखी एक ए आला तर क्यू-ए-एन-ए-टी होतो: इराणातला उतारावरचा भुयारी पाण्याचा पाट. छत्रपती संभाजीनगरची (पूर्वीच्या औरंगाबादची) नहर-ए-अंबरी याच घराण्यातली.