चौघांनी मॅचला जायचं, तर खर्च कुठे आवरता येतो?

अमेरिकेतले व्यावसायिक सामने सहकुटुंब बघायला जाण्याबद्दल वाचकांकडून आलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आम्ही दोघं, आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं. चौघांच्या कुटुंबाला एका सामन्याचा खर्च किती येतो याची बातमी वाचली आणि बेतच रद्द केला. खरंच इतके पैसे लागतात का?

उत्तर : अशा बातम्यांमधला आकडा बहुधा 'फॅन कॉस्ट इंडेक्स'चा असतो. 'टीम मार्केटिंग रिपोर्ट' हे प्रकाशन १९९१पासून तो काढत आलं आहे. त्यात काय काय धरलंय ते आधी बघा : सरासरी दराची चार तिकिटं, एका गाडीचं पार्किंग, चार हॉट डॉग, चार सोडा, दोन बिअर आणि दोन टोप्या. टोप्या दर वेळी कोणी घेत नाही, बिअर प्यायलीच पाहिजे असं नाही, आणि सरासरी दरापेक्षा स्वस्त सीटही असतात. एका संघाची दुसऱ्याशी तुलना करायला हा आकडा चांगला. घरचं बजेट मात्र त्यावरून ठरवू नका.

खर्च सगळ्यात जास्त हलतो तो दोन निर्णयांनी : खेळ कोणता आणि दिवस कोणता.

खेळाचं गणित साधं आहे. मेजर लीग बेसबॉलच्या प्रत्येक संघाचे हंगामात १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. एनबीएत ८२पैकी ४१ घरी, पण बास्केटबॉलच्या बंदिस्त अरिनात प्रेक्षक मावतात जेमतेम अठरा-वीस हजार. एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची, स्टेडियम प्रचंड, तरी घरचे सामने फक्त आठ किंवा नऊ. म्हणून फुटबॉलचं तिकीट सहसा सर्वांत महाग आणि बेसबॉलचं सर्वांत आटोक्यातलं. मुलांना पहिल्यांदाच नेणार असाल तर बेसबॉलच निवडा. खेळ संथ आहे, मधे उठून फिरता येतं, आणि मुलं कंटाळलीच तर नऊपैकी सातव्या डावात निघून आल्याचं फार वाईट वाटत नाही.

आता दिवस. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने २००९ साली सुमारे दोन हजार सीटवर मागणीनुसार बदलणारे दर लावून पाहिले आणि पुढच्या वर्षी सगळ्या मैदानाला ते लागू केले. आज ही पद्धत जवळपास सगळीकडे आहे. त्यामुळे तीच सीट शनिवारी संध्याकाळी, तगडा प्रतिस्पर्धी असताना एका भावात जाते आणि मंगळवारी, तळाच्या संघाविरुद्ध, त्याच्या निम्म्यातही मिळू शकते. स्वस्त दिवस हवे असतील तर सोमवार ते गुरुवार बघा. एप्रिलमधली थंडी आणि सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्यानंतरचे आठवडेही बरे. सुट्टीत बुधवार-गुरुवारचे दुपारचे सामने हेरून ठेवा. संघांना त्याच रात्री पुढच्या गावी जायचं असतं म्हणून ते लवकर ठेवलेले असतात. ज्या दिवशी बाहुल्या वाटतात किंवा फटाके असतात तो दिवस टाळावा. तिकीट चढं असतं, आणि भेटवस्तू आधी आलेल्या ठरावीक हजार प्रेक्षकांनाच मिळते. मुलांना दाखवून ती न मिळणं म्हणजे रडारड ठरलेली.

प्रश्न : शेवटच्या क्षणी पुनर्विक्रीच्या अ‍ॅपवर तिकिटं स्वस्त होतात असं ऐकतो. चार तिकिटांसाठी तेवढं थांबावं का?

उत्तर : दोघांसाठी थांबा, चौघांसाठी जपून. दर उतरतो कारण सामना सुरू झाला की विकणाऱ्याच्या हातात रद्दी उरते. पण हंगामी (म्हणजे सगळ्या हंगामाची एकदम घेतलेली) तिकिटं बहुतेकांकडे जोडीने असतात, त्यामुळे दुपारपर्यंत यादीत उरतात त्या दोन-दोन सीट. चार सलग सीट उरल्या तरी त्यांचा भाव तेवढा पडत नाही. यावर उपाय म्हणजे एकाच विभागात, एकामागोमाग एक अशा दोन रांगांमध्ये दोन-दोन सीट घ्यायच्या आणि प्रत्येक जोडीत एक मोठं, एक लहान बसायचं. मात्र अ‍ॅपवर शोधताना संख्या '४' ठेवलीत तर या जोड्या दिसतच नाहीत. '२' ठेवून शोधा. सीट क्रमांक पक्के होईपर्यंत दुसरी जोडी घेऊ नका. ज्या यादीत रांगच दिलेली नाही तिच्याकडे बघूही नका, कारण काही वेळा विकणाऱ्याच्या हातात तिकीट अजून आलेलंही नसतं.

दर नेहमी फीसकट ताडून बघा. १२ मे २०२५पासून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार अशा तिकिटांची जाहिरात करताना सक्तीच्या सगळ्या फी धरून एकूण किंमत दाखवावी लागते. सरकारी कर तेवढे शेवटी वाढू शकतात. म्हणजे तीस डॉलरचं तिकीट पैसे भरताना बेचाळीसचं होण्याचा जुना खेळ आता चालायला नको. तरी दोन अ‍ॅप आणि क्लबची स्वतःची साइट, तिन्हींवरची अंतिम बेरीज शेजारी शेजारी ठेवून बघाच. मैदान जवळ असेल तर तिकीटखिडकीवर सेवाशुल्क लागतं का तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ते कमी असतं किंवा नसतंच.

एक खबरदारी. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून गेटवर जाऊ नका. बऱ्याच तिकिटांवरचा बारकोड काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे जुनं चित्र मशीन वाचत नाही. तिकिटं घरच्या वाय-फायवर असतानाच फोनच्या वॉलेटमध्ये टाका आणि दोन तिकिटं दुसऱ्या मोठ्या माणसाच्या फोनवर पाठवून ठेवा. गर्दीत नेटवर्क बसतं आणि एकाच फोनवर चौघं अडकतात.

प्रश्न : आतलं खाणं फार महाग. डबा नेता येतो का?

उत्तर : बेसबॉलच्या बहुतेक मैदानांवर येतो. एनएफएल, एनबीए आणि आइस हॉकीच्या एनएचएलमध्ये सहसा नाही. बेसबॉलला मऊ पिशवीची मर्यादा साधारण १६ × १६ × ८ इंच, आणि पाण्याची बाटली सीलबंद प्लास्टिकची लागते. काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे कॅन चालत नाहीत. काही ठिकाणी सफरचंद-संत्री अख्खी नेऊ देत नाहीत, फोडी करून न्याव्या लागतात. अख्खं फळ मैदानात फेकता येतं ना!

एनएफएलचा पिशवीचा नियम २०१३पासून कडक आहे : पारदर्शक पिशवी १२ × ६ × १२ इंचांपर्यंत, नाहीतर एक गॅलनची पारदर्शक झिप पिशवी, सोबत ४.५ × ६.५ इंचांची छोटी पर्स. बाळाची नेहमीची पिशवीही चालत नाही. डायपर वगैरे त्या पारदर्शक पिशवीतच. हे न बघता गेलात की पिशवी गाडीत ठेवायला परत फिरा, किंवा जिथे सोय असेल तिथे पैसे देऊन ठेवा.

आतलं खाणं महागच असायला हवं असं मुळीच नाही. अटलांटाच्या मर्सिडीझ-बेंझ स्टेडियमने २०१७मध्ये दोन डॉलरला हॉट डॉग आणि दोन डॉलरला पुन्हा पुन्हा भरून मिळणारा सोडा ठेवला. जुन्या मैदानाच्या मानाने दर निम्म्यावर आणूनही प्रेक्षकांचा माणशी खर्च १६ टक्क्यांनी वाढल्याचं तिथल्या फाल्कन्स या एनएफएल संघाने तेव्हा सांगितलं. लोकांनी जास्त घेतलं, एवढंच. इतर मालकांना हा धडा पचायला वेळ लागतोय. तुमच्या क्लबच्या साइटवर 'व्हॅल्यू मेन्यू' आहे का बघा. तो अनेकदा एखाद-दुसऱ्या स्टॉलवरच असतो आणि तो स्टॉल कोणत्या विभागापाशी आहे हे आधी माहीत नसेल तर सापडत नाही.

प्रश्न : पार्किंग आधी घ्यावं का?

उत्तर : गाडी न्यायचीच असेल तर हो, आगाऊ घेतलेलं बहुधा स्वस्त पडतं. पण आधी ट्रेन-बस बघा. लॉस एंजेलिसमध्ये सामन्याचं तिकीट दाखवलं की युनियन स्टेशनहून बेसबॉलच्या डॉजर स्टेडियमची बस फुकट आहे. न्यूयॉर्कमध्ये यांकी स्टेडियम आणि सिटी फील्ड ही बेसबॉलची दोन्ही मैदानं सबवेला लागून आहेत. पंधरा मिनिटं चालायची तयारी असेल तर थोड्या लांबच्या गॅरेजमधून सामना संपल्यावर बाहेरही लवकर पडता येतं.

प्रश्न : स्वस्तातली सीट घेतली तर उन्हात बसावं लागतं. सावलीतली स्वस्त सीट कशी ओळखायची?

उत्तर : बेसबॉलच्या नियमपुस्तकात होम प्लेटपासून (फलंदाज उभा राहतो ती जागा) पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागेवरून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असणं इष्ट, असं म्हटलंय. बरीच मैदानं साधारण तशी आहेत. म्हणजे दुपार उतरताना सूर्य होम प्लेटच्या आणि थर्ड बेसच्या (होम प्लेटमागून बघताना डावीकडच्या) बाजूच्या स्टँडमागे जातो. तिकडे सावली आधी येते, तर आउटफिल्डच्या, म्हणजे होम प्लेटसमोरच्या लांबच्या टोकाच्या, बाकांवर बसलेल्यांच्या थेट डोळ्यांत ऊन. तेव्हा दुपारच्या सामन्याला थर्ड बेसकडच्या वरच्या मजल्यावरच्या, छताखाली येणाऱ्या मागच्या रांगा शोधा. तिथली तिकिटं खालच्या सीटपेक्षा स्वस्त आणि सगळं मैदान दिसतं. सगळीच मैदानं या रेषेत नाहीत, म्हणून घेण्याआधी नकाशावर उत्तर दिशा बघून घ्या.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलीचं तिकीट लागतं?

उत्तर : क्लबगणिक वेगळं. अनेक ठिकाणी दोन वर्षांखालच्या मुलांना मांडीवर बसवून फुकट नेता येतं, काही ठिकाणी तान्ह्या बाळालाही तिकीट लागतं. त्या क्लबच्या साइटवर बघा, पुनर्विक्रीच्या अ‍ॅपवर नव्हे.

प्रश्न : एवढं करूनही परवडत नसेल तर?

उत्तर : मायनर लीग, म्हणजे बेसबॉलची खालची पातळी. मेजर लीगच्या संघांशी जोडलेले १२० संघ देशभर आहेत, बहुतेक छोट्या गावांत. तिकीट, पार्किंग, खाणं सगळंच कमी. सीट मैदानाला चिकटून. आणि रविवारी सामन्यानंतर मुलांना बेसवरून पळू देतात अशी मैदानं पुष्कळ. ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीवर दुखापतीतून सावरणारा एखादा नामांकित खेळाडूही दिसून जातो. फुटबॉलच हवं असेल तर ऑगस्टमधले सरावसामने बघा : त्यांची तिकिटं हंगामी तिकीटधारकांच्या गळ्यात पडलेली असतात आणि ते ती मिळेल त्या भावाला विकून टाकतात. फक्त मुलांना आधीच सांगून ठेवा की त्यांचा लाडका क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) त्या दिवशी बहुधा बाकावरच बसेल.