परवानगीने मिळालेलं मैदान आणि वहिवाटीचा हक्क

प्रश्न : आमचा हौशी बेसबॉल क्लब 1988 पासून एका खासगी जागेवर खेळतो. मूळ मालक वारले, वारसांनी जागा विकली आणि नवीन मालक कुंपण घालतोय. मैदानाचा इतिहास सांगणारी स्मरणिका सोबत पाठवली आहे. इतक्या वर्षांच्या वहिवाटीवर हक्क सांगता येईल का?

उत्तर : स्मरणिका पूर्ण वाचली. बाभळी तोडून, दगड वेचून मैदान करणाऱ्या तुमच्या पहिल्या पिढीबद्दल फार आदर वाटला. पण त्यातलंच एक वाक्य दाव्याच्या मुळावर येतं : ‘मालकांनी मोठ्या मनाने खेळायला परवानगी दिली.’ सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जागेच्या वापराचा हक्क) कायदा, 1882 प्रमाणे असा हक्क मिळायला 20 वर्षांचा वापर उघड, विनाअडथळा आणि हक्काने झालेला असावा लागतो. परवानगीने कितीही वर्षं खेळलात तरी तो परवानाच (मालकाच्या मर्जीवरची मुभा) राहतो आणि कलम 59 नुसार तो नवीन मालकावर बंधनकारक नसतो. बारा वर्षांच्या प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे मालकाच्या मर्जीविरुद्ध जागा ताब्यात ठेवून मालकी सांगण्याचा मुद्दाही याच वाक्यापाशी अडतो. शिवाय खेळून घरी जाणं म्हणजे कब्जा नव्हे.

ते वाक्य नव्या आवृत्तीतून गाळायचा विचार कृपा करून करू नका. छापील प्रती लोकांकडे आहेत, आणि कोर्टासमोर बनावट पुरावा ठेवणं हा गुन्हा आहे.

होम प्लेटमागची जाळी आणि खेळाडूंची खोली क्लबने वर्गणीतून बांधली. परवान्याच्या भरवशावर कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल तर कलम 60 परवाना काढून घेऊ देत नाही. पावत्या जपा. मात्र खरेदीदारासमोर हा मुद्दा लंगडा पडतो, त्यावर भिस्त ठेवू नका. सामान हलवायला वाजवी मुदत मात्र हक्काने मागा.

मला खरी आशा विकास आराखड्यात, म्हणजे कुठली जागा कशासाठी हे ठरवणाऱ्या सरकारी नियोजनात दिसते. नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. जागेवर ‘खेळाचे मैदान’ असं आरक्षण असेल तर मालकाला तिथे इमारत उठवता येणार नाही. पण एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 127 कडे लक्ष ठेवा : आराखडा लागू होऊन 10 वर्षं उलटल्यावर मालकाने खरेदी सूचना (‘जागा विकत घ्या’ अशी प्राधिकरणाला नोटीस) दिली आणि 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. अशी सूचना दिली गेली आहे का, कधी, हे माहिती अधिकारात विचारा. मुदत चालू असेल तर संपादनासाठी लगेच लेखी निवेदन द्या. जुनी स्कोअरबुकं, फोटो, स्पर्धांची पत्रकं तिथे कामी येतील, कारण या जागेची गावाला गरज आहे हे त्यातूनच दिसतं. परवानगीचं ते वाक्य तिथे आड येत नाही.

आरक्षण नसेल तर कोर्टाआधी नवीन मालकाशी बोला आणि ठरावीक दिवसांसाठी का होईना, लेखी लिव्ह अँड लायसन्स करार मागा.