सासूबाई आणि जाऊबाई माझ्या दहा वर्षांच्या मुलीला सारखे ‘जाडी झालीस’ म्हणतात. घरात वजनाबद्दल आणि खाण्याबद्दल कसे बोलावे?

मुलीसमोर तिच्या वजनाचा विषय कोणीही काढायचा नाही, हे आधी मोठ्यांना स्पष्ट सांगावे लागेल. ‘आई, तिला जाडी म्हणू नका, संध्याकाळी देवळापर्यंत सोबत चालत घेऊन जा,’ असे म्हटले तर सासूबाईंचा मानही राहतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये पालकांना हाच सल्ला दिला, कारण वजनावरून चिडवल्याने आणि डाएटच्या आग्रहाने लठ्ठपणा व खाण्याचे विकार, या दोन्हींचा धोका वाढतो. वयात येताना मुलींचे अंग भरणे स्वाभाविक असते. तरीही शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजन वाढीच्या तक्त्यावर तपासून घ्यावे.

माझ्या मते खरी अडचण ताटापाशी असते. दुसरी पोळी मागितली की ‘पुरे आता’ आणि भात उरला की ‘पानात टाकायचे नाही’, हे दोन्ही एकाच मुलीला ऐकवले, तर स्वतःची भूक ओळखायला ती शिकणार कशी? काय शिजवायचे आणि केव्हा वाढायचे हे आपण ठरवावे. किती खायचे ते तिला ठरवू द्यावे. ‘भाजी संपव, मग श्रीखंड’ हा सौदाही टाळावा, कारण त्याने भाजी शिक्षा ठरते आणि श्रीखंड बक्षीस. शिवाय तिच्या कानावर पडेल अशा रीतीने आपण स्वतःच्या पोटाला नावे ठेवणेही आजपासूनच थांबवावे.