नकाशा जुळला, म्हणून काय?

चिरंजीव,

तुझा खर्डा वाचला. तुझ्या नकाशात कोलेस्टेरॉलशी संबंधित एपीओई जनुकाचा ई४ प्रकार फिनलंड-स्वीडनकडे गडद, इटली-ग्रीसकडे फिकट. शेजारच्या नकाशात हृदयविकाराचे जुने मृत्यूदरही तसेच उतरते. चित्र छान दिसतं. पण ‘म्हणजे उत्तरेतले हृदयविकार ई४मुळेच’ हा खाली काढलेला निष्कर्ष मात्र आत्ताच खोडून टाक.

उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना युरोपात काय काय बदलतं ते बघ. लोण्याची जागा ऑलिव्ह तेल घेतं, ऊन वाढतं, मोठेपणी दूध पचवणाऱ्यांचं प्रमाण घटतं. दूध पचवणारं जनुक त्याच मृत्यूदरांशी लावून बघ, तेही झकास जुळेल! म्हणून हेलसिंकीचे रुग्ण आणि रोमचे निरोगी लोक एका तक्त्यात कोंबू नकोस. वंशाचे प्रिन्सिपल कंपोनंट, म्हणजे जनुकांवरून कोण मूळचं कुठलं ते सांगणारे आकडे, आधी काढून हिशोबात धर, आणि जमलं तर सख्ख्या भावंडांवर तपासून बघ. एका घरात उत्तर-दक्षिण नसते.

उलट ९पी२१ बघ. २००७मध्ये सापडलेला हा गुणसूत्राचा तुकडा प्रथिन बनवत नाही, पण त्याचा एक प्रकार हृदयविकाराचा धोका खात्रीने वाढवतो. युरोपीयांमध्ये त्या गुणसूत्राच्या जवळजवळ निम्म्या प्रतींवर तो प्रकार असतो. जे सगळीकडेच आहे त्याने देशादेशांतला फरक कसा समजणार?

आणि पूर्व फिनलंड विसरू नकोस. नॉर्थ करेलियात पुरुष ऐन उमेदीत हार्ट अटॅकने जात. १९७२मध्ये पेक्का पुस्का आणि मंडळींनी लोणी, मीठ, सिगारेट यांच्यामागे हात धुवून लागायचं ठरवलं. चाळीसेक वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांतले हे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. एवढ्यात जनुकं काही बदलत नाहीत. पण म्हणून जनुकं बाजूला सार असंही मी म्हणत नाही. त्याच भागात एलडीएल रिसेप्टरचं, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलणाऱ्या प्रथिनाचं, एक म्युटेशन (जनुकातला बदल) पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. त्या घरांना नुसतं लोणी सोडून भागत नाही, गोळ्या लागतातच. देशादेशांत फरक का आणि एखाद्या घराला धोका का, हे दोन प्रश्न वेगळे, तेव्हा प्रकरणंही वेगळी कर.

ता. क. इटलीतल्या गार्डा सरोवराकाठच्या लिमोने गावाबद्दल वाच. एका म्युटेशनमुळे तिथल्या काही लोकांचं एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) फारच कमी, ट्रायग्लिसराइड चढे, तरी हृदय ठणठणीत. मिलानच्या संशोधकांनी चर्चच्या नोंदी चाळल्या, तर त्या म्युटेशनचे सगळे वाहक अठराव्या शतकातल्या एकाच जोडप्याचे वंशज निघाले.