उडत्या लष्करी हेलिकॉप्टरचे भाग निखळून का पडतात?

पंख्यांच्या अखंड कंपनाने बोल्ट सैल होतात आणि म्हणूनच अनेक ठिकाणी ते तारेने पिळून जखडलेले असतात. पण नजरचुकीवर असा उपाय नाही. १३ डिसेंबर २०१७ रोजी जपानमधील ओकिनावा बेटावर, फुतेन्मा या अमेरिकी हवाई तळालगतच्या प्राथमिक शाळेत मैदानावर मुलांचा तास चालू असताना, अमेरिकी मरीन दलाच्या सीएच-५३ई हेलिकॉप्टरची सुमारे ७.७ किलो वजनाची खिडकी चौकटीसकट येऊन आदळली. एका मुलाला किरकोळ दुखापत झाली, एवढ्यावरच निभावले. ही खिडकी संकटकाळी बाहेर पडण्यासाठी असल्याने आतली तरफ ओढताच ती सुटावी, अशीच तिची रचना असते. ती तरफ उड्डाणापूर्वी नीट बसवलेली नव्हती, म्हणजे ही मानवी चूक होती, असे अमेरिकी लष्कराने सांगितले आणि आठवड्याच्या आतच उड्डाणे पुन्हा सुरू केली, ही घाई मला तरी पटत नाही.