पहिली भरदार सिगार ओढणाऱ्यासाठी

पार्तागास सेरी डी नंबर ४, ही क्युबाची भरदार, म्हणजे दाट-कडक चवीची सिगार आणलीस, छान केलंस. पण उपाशीपोटी पेटवू नकोस, शीत-कडी जेवून मग बस. असल्या सिगारमध्ये लिगेरो जास्त असतं, म्हणजे झाडाच्या शेंड्याकडचं, भरपूर ऊन खाल्लेलं पान. त्यात निकोटीनही जास्त. गरगरलं तर सिगार ठेवून दे, गुळाचा खडा तोंडात टाक. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवायचा. मिनिटाला एक झुरका पुरे. घाई केलीस की ती तापते आणि सगळंच कडू लागतं.

चवीचं वर्णन करताना परक्यांचे लेदर (चामडं), सीडर (सुवासिक लाकूड) असले शब्द उसने घेऊ नकोस. थोडा धूर नाकावाटे सोड आणि विचार कर: झोंबलं ते मिरीसारखं की सुक्या मिरचीसारखं? मागे उरलेला गोडवा माडाच्या काळ्या गुळाचा, की भाजलेल्या काजूचा? मला मधल्या भागात हमखास कडक कॉफी लागते, आणि त्या दहा-पंधरा मिनिटांसाठीच मी सिगार पेटवतो. वहीत लगेच टिपून ठेव, उद्या आठवणार नाही.

आपल्या पावसात उघडी ठेवलीस तर बुरशी धरेल. हवाबंद डबा, आत ६५ टक्के आर्द्रता राखणारी पुडी. आणि महिन्याला एखादीच. धूर गिळला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच.