देवाचं सगळं केलं, मग आमच्याच वाट्याला का?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्यापुढे बऱ्याचदा येतो. सांगलीच्या एका कापड दुकानदारांनी मात्र तो टेबलावर हात आपटून विचारला. त्यांच्या संमतीने, ओळख लपवून लिहिते आहे.

"मॅडम, दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचो. कृष्णेचं पाणी देवळात शिरून दक्षिण दारातून बाहेर पडतं, ते दक्षिणद्वाराचं स्नान कधी चुकवलं नाही. आणि त्याच कृष्णेनं माझं दुकान बुडवलं!"

ऑगस्ट 2019. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांच्या वर. यांनी 2005 च्या पुराची खूण बघून माल तिच्याही वर रचला होता. तोही भिजला. सावरतात तोवर टाळेबंदी आली. वाडी सुटली, झोप उडाली. "देवानं बुडवलं" आणि "सगळं माझंच चुकलं" ही दोन्ही वाक्यं ते एका दमात बोलत.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हे मी आधी स्पष्ट विचारलं. तसं काही नव्हतं. पण झोप कित्येक आठवडे गेलेली होती, म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. (रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.)

मग कागदावर एक वर्तुळ काढलं. नुकसानीची जी जी कारणं, त्यांना ज्याचा त्याचा वाटा द्यायचा, स्वतःचा सगळ्यात शेवटी. अपराधी वाटणारा माणूस आधी स्वतःचं नाव लिहितो आणि वर्तुळ तिथेच भरतं, म्हणून हा क्रम. पुराने निम्मं घेतलं, टाळेबंदीने पाव. उरलेल्या तुकड्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. विम्याचं नूतनीकरण राहिलं होतं. आणि सावकाराकडून काढलेले पैसे बायकोला सांगितलेच नव्हते.

"हे मात्र देवाच्या नावावर नाही टाकता येणार," ते स्वतःच म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी घरी सांगितलं. भांडण झालं, दोन दिवस अबोला. व्हायचाच.

कृतज्ञतेचं म्हणाल, तर त्या शब्दाने ते चिडत. "जीव वाचला ना, देवाचे आभार मान," असं त्यांच्या वहिनी त्यांना रोज ऐकवायच्या. पुरात सगळं गेलेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे त्याला गप्प बसवणं, असं माझं मत आहे. म्हणून मी एवढंच विचारलं, "या काळात कुणी नेमकं काय केलं तुमच्यासाठी?" इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याचं नाव निघालं. मागची बाकी थकलेली असताना त्याने दिवाळीला उधारीवर माल दिला होता. लाज वाटून हे त्याचा फोन उचलत नव्हते.

"त्याला भेटून आभार माना," म्हटलं. रिकाम्या हाताने आभार मानायला जायचं कसं? मग दर महिन्याला किती देता येईल याचा हिशेब नवराबायकोने मिळून मांडला आणि तो घेऊन ते गेले. व्यापारी चिडला नाही, पण व्याजही सोडलं नाही.

वाडीला जा किंवा जाऊ नका, असं मी काहीच म्हटलं नाही. ते माझं काम नव्हे. पुढे कधीतरी ते आपणहून जायला लागले. मी विचारलं, आता काय मागता? "मागत नाही. बसतो थोडा वेळ. आणि जायच्या आधी विम्याचा हप्ता भरतो," म्हणाले. सावकाराचे पैसे अजून फिटायचे आहेत.